उभ्या गाड्या आणि चालणारीं माणसें

शहर वाढलें असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा घरें वाढलीं एवढेंच आपणांस म्हणावयाचें असतें. घरें वाढतात तीं आभाळाकडे; एका मजल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे अकरा मजले चढवितां येतात. रस्त्यावर मात्र दुसरा रस्ता चढवितां येत नाहीं; आणि जेथें उड्डाणपूल बांधून तसा चढविला आहे तेथेंहि खालचा रस्ता मोकळा झाल्याचें फारसें कोणाच्या पाहण्यांत नाहीं. या साध्या गोष्टींतून आमच्या पुणें शहराच्या जुन्या भागांत जो प्रश्न उभा राहिला आहे (अक्षरशः उभा राहिला आहे, कोठें चार चाकांवर तर कोठें दोन), त्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें. वार्षिक अंकाच्या संपादकांनीं यंदा जागा दिली, तिचा उपयोग आम्ही त्यासाठींच करणार आहों.

असला विषय शाळेच्या अंकांत कशास, तो नगरसेवकांनीं व वाहतूक पोलिसांनीं पाहावा, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें म्हणणें असें कीं, या शहरांत पायीं चालणारा जो वर्ग उरला आहे त्यांत विद्यार्थी व वृद्ध हेच प्रमुख आहेत. दप्तर पाठीवर घेऊन निघालेलें मूल फुटपाथावर दुचाकी उभी दिसली म्हणजे रस्त्यावर उतरतें. रस्त्याच्या कडेला मोटार उभी दिसली म्हणजे आणखी दोन हात आंत सरकतें. आणि तेथें मागून बस येत असते. शाळेंत आम्ही त्याला 'पादचाऱ्यांनीं पदपथावरूनच चालावें' असें शिकवितों, परीक्षेंत त्याबद्दल गुणहि देतों, आणि घंटा झाली कीं त्याच मुलास जेथें पदपथ मोकळा नाहीं अशा रस्त्यावर सोडून देतों. हा विषय शाळेचा नव्हे, असें आम्हांस तरी म्हणवत नाहीं.

पुण्याच्या जुन्या पेठा कोणत्या चालीच्या माणसांसाठीं वसल्या, हें त्यांच्या बोळांकडे पाहिल्यास कळतें. कसबा सर्वांत जुना. शनिवार, रविवार, बुधवार, सदाशिव, नारायण या पेठा पेशवाईच्या आगेमागें वसत गेल्या. पायीं चालणारा माणूस, पालखी, घोडा व बैलगाडी एवढेंच त्या रस्त्यांनीं गृहीत धरलें होतें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्याचा घोडा असे तो त्यास आपल्या पागेंत बांधी. ज्याची गाय असे तिचा गोठा वाड्याच्या मागल्या चौकांत असे. बैलगाडी सोडण्यास अंगण असे. आपलें वाहन आपल्या भिंतीच्या आंत, हा त्या काळचा शिरस्ता. सरदारांचे घोडे रात्रंदिवस भर रस्त्यांत ओळीनें बांधून ठेवले आहेत, आणि तांबट, कासार व माळवें विकणाऱ्या बाया त्यांच्या पायांतून वाट काढीत चालल्या आहेत, असें चित्र कोणी रेखाटलें तर आपण त्यास हंसूं. घोड्यांच्या जागीं मोटारी घातल्या कीं तेंच चित्र आपणांस स्वाभाविक वाटूं लागतें.

12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसांत मातीला मिळाले. त्या जागीं पुढें सिमेंटच्या इमारती आल्या. जे वाडे पाण्यांतून वांचले ते वांटण्यांतून वांचले नाहींत. भाऊबंदकी, तुटपुंजें जुनें भाडें, गळकीं कौलें व दुरुस्तीचा न परवडणारा खर्च यांनीं एकेक वाडा खालीं आणला. वाड्यांसाठीं अश्रु ढाळणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. एका नळावर दहा बिऱ्हाडांनीं भांडावें व सामाईक शौचकूपापुढें सकाळीं रांग लावावी, यांत रमणीय असें कितपत होतें, हें ज्यांनीं तें भोगलें त्यांस विचारावें. परंतु हिशेब हिशेबाच्या जागीं. समजा, एका वाड्यांत दहा बिऱ्हाडें होतीं व त्यांच्यांत मिळून सहा सायकली होत्या. त्या दिंडीच्या आंत जिन्याखालीं मावत. आज त्याच जमिनीवर वीस बिऱ्हाडांची इमारत झाली. प्रत्येक घरीं दोन दुचाकी आणि निम्म्या घरीं एक मोटार धरली तर चाळीस दुचाकी व दहा मोटारी झाल्या. जमीन तेवढीच, बोळहि तेवढाच. आणि असा वाडा बोळांत एकच नसतो.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. 2011 च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या 31 लाखांवर भरली. 2018 सालीं ती सुमारें 35 लाख धरली जात होती, आणि त्याच वर्षीं येथील नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर गेल्याचें प्रसिद्ध झालें. तान्हें मूल व अंथरुणास खिळलेला म्हातारा यांना धरूनहि माणशीं एकाहून अधिक वाहन! त्यांत दुचाकीच फार, हें खरें. पण दुचाकीलाहि जमीन लागतेच, आणि मोटारीस जेथें शिरतां येत नाहीं त्या पदपथावर ती सहज चढते.

शहर कडेनेंहि वाढलें. 2017 सालीं अकरा व 2021 सालीं आणखी तेवीस गांवें महापालिकेच्या हद्दींत आलीं. तेथें राहावयास गेलेल्या माणसाचें घर नवें असलें तरी त्याचा बाजार जुनाच आहे. लग्नाचा बस्ता लक्ष्मी रस्त्यावर, बारीकसारीक घरगुती जिन्नस तुळशीबागेंत, फळें-भाजी मंडईंत. आणि जून महिना उजाडला कीं पाठ्यपुस्तकें व वह्या अप्पा बळवंत चौकांत. त्या चौकांत जूनच्या पहिल्या रविवारीं पुस्तकांची यादी हातीं धरलेली आई दुकानांत व गाडींत बसलेले वडील चौथ्या फेरींत, हा देखावा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. नव्या वसाहती राहण्यासाठीं बांधल्या जातात. शाळा, बाजार, दवाखाना व बसची फेरी हीं मागाहून येतात, किंवा येतच नाहींत. म्हणून गांवाची कड जितकी पसरते तितका भार गांवाच्या पोटावर पडतो.

आमच्या आठवीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवितांना आम्हीं यंदा एक प्रयोग करविला. मैदानावर खडूनें पांच मीटर लांब व अडीच मीटर रुंद असा आयत काढला. एक मोटार उभी करण्यास साधारण एवढी जागा धरतात; क्षेत्रफळ 12.5 चौरस मीटर. मुलांनीं त्यांत आपल्या सायकली आणून उभ्या केल्या. दहा अगदीं सुखानें राहिल्या. मग मोटार आंतबाहेर करण्यास लागणारी वाटहि धरली; नगररचनेच्या हिशेबांत उघड्या वाहनतळावर एका मोटारीमागें सुमारें 23 चौरस मीटर धरण्याची रीत आहे. फळ्यावर शेजारीं आम्हीं दुसरा एक आंकडा लिहिला. मुंबईस 1920 च्या दशकांत त्या वेळच्या सरकारनें बी. डी. डी. चाळी बांधल्या. त्यांतील एक खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे सुमारें 15 चौरस मीटरांची. अशा एकेका खोलींत गिरणीकामगारांचीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहिलीं. मुलांनीं भागाकार केला, तेव्हां एका मोटारीच्या वाट्यास दीड खोली आली. एका मुलीनें विचारलें कीं, खोलीचें भाडें द्यावें लागे, मग मोटारीच्या जागेचें कां नाहीं? तास संपत आला होता, म्हणून उत्तर राहिलें. प्रस्तुत लेख तिच्यासाठीं आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

तिला आमचें उत्तर असें आहे कीं, भाडें द्यावेंच लागतें. फक्त तें दुसरा कोणी देतो. जी मोटार दिवसांतून एक तास धांवते ती उरलेले तेवीस तास कोठें तरी उभी असते, आणि ती जर सार्वजनिक रस्त्यावर उभी असेल तर त्या जमिनीचें मोल बसमध्यें ताटकळणारा प्रवासी आपल्या वेळानें भरतो, पायीं चालणारा जिवाच्या धोक्यानें भरतो, आणि ज्याच्या घरीं सायकलहि नाहीं असा करदाता आपल्या पैशानें भरतो. कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी बाई फुटपाथावर दोन हात जागा घेऊन बसते तेव्हां तिच्याकडे परवाना मागतात, शुल्क घेतात, आणि परवाना नसल्यास टोपलीसकट माल उचलून नेतात. तिच्या शेजारीं दहा लाखांची मोटार सकाळपासून दिवे लागेपर्यंत फुकट उभी असते. तिला कोणी कांहीं विचारीत नाहीं. बाई निदान येणाऱ्याजाणाऱ्यास कोथिंबीर तरी देते. या दोन जागांच्या दोन न्यायांबद्दल आम्हांस जितकी चीड येते तितकी कोंडीबद्दल येत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों.

बोळाच्या तोंडाशीं एक मोटार तिरकी लावलेली असली कीं आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका आंत कशी शिरावी, हेंहि एकदां आपल्या बोळापुरतें प्रत्येकानें मनांत चित्र काढून पाहावें. अधिक लिहीत नाहीं.

आतां उपाय. सम तारखेस रस्त्याच्या एका बाजूस व विषम तारखेस दुसऱ्या बाजूस गाड्या लावण्याची पद्धति पुणेंकरांच्या अंगवळणीं पडून गेली आहे. तिच्यानें अन्याय वांटला जातो, कमी होत नाहीं. चुकीच्या जागीं लावलेली गाडी उचलून नेणारा टेंपोहि आहे. त्याच्या भोंग्याचा आवाज आला म्हणजे दुकानांतून गिऱ्हाइकें जीं धांवत सुटतात त्यांचा वेग आमच्या क्रीडाशिक्षकांनीं पाहण्यासारखा असतो. नवे वाहनतळ बांधावे, ही मागणी तर प्रत्येक निवडणुकींत होते. मंडईजवळ 1915 सालीं सुरू झालेलें 'आर्यन' हें पुण्यांतील पहिलें चित्रपटगृह होतें. त्या जागेवर पुढें वाहनतळ झाला. जेथें आमच्या पणजोबांच्या पिढीनें हलतीं चित्रें प्रथम पाहिलीं तेथें न हलणाऱ्या गाड्यांचा मूकपट चालू आहे! वाहनतळ नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आंत गेल्यास पैसे पडतात व समोरच्या रस्त्यावर पडत नाहींत, अशी व्यवस्था असली म्हणजे व्यवहारी माणूस आधीं रस्त्यावर तीन घिरट्या घालतो, कोणाच्या तरी दारापुढें जागा हेरतो, आणि अगदींच निरुपाय झाला तर वाहनतळाकडे वळतो. मुंबईंत तर वाहनतळ बांधून देणाऱ्या बांधकाम-व्यावसायिकास जादा चटईक्षेत्र देण्याची योजना निघाली. त्यामुळें इमारतींचे मजले वाढले, आणि कित्येक वाहनतळांत जागा रिकामी असतां बाहेरचा रस्ता मात्र भरलेला, असा प्रकार झाला. दहा घागरी पाणी फुकट आणि अकरावीला पैसे, असें असल्यावर अकरावी घागर कोण विकत घेईल?

रस्त्यावरच्या जागेस मोल लावावें, हा विचार नवा नाहीं. केंद्र सरकारच्या 2006 सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत, वाहन उभें करण्याचें शुल्क त्यानें अडविलेल्या जमिनीच्या खऱ्या मोलास अनुरूप असावें, असें तत्त्व मान्य केलेलें आहे. पुणें महानगरपालिकेनें 2018 च्या मार्चमध्यें याच विचाराचें वाहनतळ-धोरण संमत केलें. विरोध एवढा झाला कीं तें आरंभीं पांच रस्त्यांपुरतेंच प्रयोग म्हणून लागू करावें असें ठरलें, आणि तो प्रयोगहि पुढें वर्षानुवर्षें कागदावर रेंगाळला. विरोध करणारांत सर्व पक्षांचे लोक होते. याचें कारण उघड आहे: मोटारवाल्याच्या खिशाला हात लागला तर तो त्याच दिवशीं बोलतो, पदपथ गेलेला म्हातारा कोणापाशीं बोलणार? त्याच्या तक्रारीला संघटना नाहीं.

मग दुसरी वाट निघाली. रस्त्यास हात न लावतां, जी नवी इमारत होईल तिच्यावरच भार टाकावा. इतक्या घरांमागें इतक्या मोटारींची व इतक्या दुचाकींची जागा दाखविल्याखेरीज नकाशा मंजूर होऊं नये. 2020 च्या डिसेंबरांत मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागास लागू होणारी जी एकच बांधकाम-नियमावली मंजूर झाली तिच्यांतहि घरांच्या आकारमानाप्रमाणें अशा जागा ठरवून दिल्या आहेत. वरवर पाहतां हें पागेच्या जुन्या शिरस्त्यासारखेंच दिसतें, आणि आम्हांसहि तें आवडावें. पण फरक आहे. पागा बांधणारा घोडा असल्यावर बांधी. येथें घोडा असो वा नसो, पागेचे पैसे घराच्या किंमतींत मिसळलेले असतात. ज्या शिक्षकानें, कारकुनानें वा परिचारिकेनें आयुष्यभर बसनें जावयाचें ठरविलें आहे त्यांनाहि घर घेतांना खांबांमधल्या त्या जागेचा भार उचलावा लागतो. शिवाय इमारतीचा तळमजला सगळा खांबांचा व गाड्यांचा झाला कीं रस्त्याकडे पाहणारी ओसरी जाते, लहान दुकान जातें, ओट्यावर बसणारे आजोबा जातात. सदाशिव पेठेंतील एखाद्या अशा गल्लींतून सायंकाळीं चालून पाहावें. दोन्ही बाजूंस माणसें राहतात तीं पहिल्या मजल्यापासून वर. खालीं दोन्हीकडे टायर.

येथें एक न्यायालयीन निर्णय सांगावयास हवा, कारण पालकांपैकीं कित्येक जण नवें घर घेण्याच्या खटपटींत असतील. 31 ऑगस्ट 2010 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत असा निवाडा दिला कीं, इमारतीच्या खांबांमधली किंवा उघड्यावरची गाड्यांची जागा ही सामाईक जागेचा भाग असून बांधकाम-व्यावसायिकास ती निराळी म्हणून विकतां येत नाहीं. निकाल स्पष्ट आहे. तरीहि पुष्कळ सोसायट्यांच्या वार्षिक सभांत जें भांडण सर्वांत लांबतें तें याच जागेचें असतें. सख्खे शेजारी, ज्यांचीं मुलें आमच्या एकाच वर्गांत एका बाकावर बसतात, ते दीड हात जमिनीसाठीं एकमेकांशीं बोलत नाहींत, असेंहि आमच्या पाहण्यांत आहे. मुलें बोलतात, हें सुदैव.

इतरत्र काय केलें? गाड्यांचा जाच हा मोटारींबरोबर जन्मला, असें मुलांस वाटतें. पण ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत रोम शहरांत ज्यूलियस सीझरच्या नांवानें ओळखला जाणारा जो कायदा झाला त्यांत दिवसाच्या पहिल्या दहा तासांत बहुतेक चाकांच्या गाड्यांस शहरांत बंदी घातली होती. बांधकामाचा माल व देवकार्य यांसाठीं अपवाद होते. रात्रीं मात्र त्या गाड्यांच्या खडखडाटानें रोमकरांस झोंप येत नसे, म्हणजे उपायानें नवा त्रास निर्माण होण्याची कथाहि तितकीच जुनी आहे. रस्त्यावर उभ्या गाडीकडून नाणें घेणारें पहिलें यंत्र अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरांत 16 जुलै 1935 रोजीं बसलें. तासाला पांच सेंट. तेथील व्यापाऱ्यांची तक्रार अशी होती कीं, कचेऱ्यांत काम करणारे लोक सकाळींच गाड्या लावून जागा अडवितात व गिऱ्हाइकास दुकानापुढें थांबतां येत नाहीं. म्हणजे यंत्राचा खटाटोप मूळांत दुकानदारांच्या हितासाठीं झाला, हें आमच्या लक्ष्मी रस्त्यावरील व्यापारी बंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

जपाननें 1962 सालीं कायदा केला कीं, मोटार घेणारानें आधीं ती ठेवण्याची जागा दाखवावी. ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी, आणि तसा दाखला पोलीस देतात. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवणें हाहि तेथें गुन्हा आहे. आपल्याकडेहि 2025 सालीं राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीं, जागेच्या दाखल्यावांचून नव्या मोटारीची नोंदणी होऊं देणार नाहीं, असें जाहीर केलें होतें. हेतूशीं आम्ही सहमत आहों. परंतु जपानांत तो दाखला खरा ठरतो याचें कारण रस्त्यावर गाडी ठेवतांच येत नाहीं. आपल्याकडे रस्ता मोकळा सोडून दाखला मागितला, तर दाखले विकणारीं दुकानें निघतील व गाड्या आहेत तेथेंच राहतील.

आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो स्वित्झर्लंडांतील झूरिक शहराचा 1996 सालचा तोडगा. मध्यभागांतील जागांची संख्या 1990 सालच्या आंकड्यावर गोठवावी, आणि जमिनीखालीं नवी जागा बांधल्यास वर रस्त्यावरची तेवढी जागा काढून टाकावी, असें तेथें ठरलें. पुढें ज्या जुन्या चौकांत गाड्या उभ्या असत तेथें माणसें बसूं लागलीं. मंडईचा वाहनतळ आपण बांधला, पण त्याच्या मोबदल्यांत एकाहि बोळांतून गाडी काढली नाहीं. आपला हिशेब येथें चुकला.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले कांहीं योग्य आहेत. व्यापारी म्हणतात, गाडी दुकानापुढें आली नाहीं तर गिऱ्हाईक येणार नाहीं. 11 डिसेंबर 2021 रोजीं महापालिकेनें पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांस बंद केला, व पुढेंहि तो दिवस पाळला जाऊं लागला. त्या दिवशीं रस्ता ओस पडत नाहीं. माणसांनीं फुलून जातो. लक्ष्मी रस्त्यावर शंभर माणसें खरेदी करीत असतां दुकानापुढें मोटारी अशा कितीशा मावतात? दोन किंवा तीन. बाकीचीं सत्त्याण्णव माणसें चालतच आलेलीं असतात, निदान शेवटचीं दोनशें पावलें तरी.

दुसरा आक्षेप जुन्या रहिवाशांचा. ज्या वाड्यास आंत जागाच नाहीं त्यांतील माणसानें काय करावें? त्यास सवलतीच्या दरानें परवाना द्यावा, एका घरास एक. रुग्ण, अपंग व माल उतरविणारे यांच्यासाठीं जागा राखून ठेवाव्या. हें न्याय्य आहे. पण घरांत तीन मोटारी घेऊन दोन रस्त्यावर ठेवणाऱ्यास रहिवासी म्हणून सवलत मागण्याचा अधिकार आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत जड वाटतो. बस वेळेवर येत नाहीं, आली तर शिरतां येत नाहीं. मग दुचाकीवांचून सामान्य माणसानें कसें जावें? दुचाकी ही कित्येक घरांत चैनीची वस्तु नसून पोटाचें साधन आहे. शुल्क आधीं आणि बस मागाहून, असें झाल्यास तो गरिबावर अन्याय होईल. म्हणून दोन्ही एकाच वेळीं झालीं पाहिजेत, व शुल्काचा पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर व त्याच भागांतील बसवर खर्च झालेला लोकांस दिसला पाहिजे. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना गांवीं 1993 सालीं जुन्या बाजारांत शुल्काचीं यंत्रें बसवितांना नेमकें हेंच वचन व्यापाऱ्यांस दिलें, तेव्हां विरोध मावळला आणि पडका बाजार पुन्हां उभा राहिला. या विषयाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनीं 2005 सालीं लिहिलेल्या ग्रंथांत ही हकीकत विस्तारानें आहे. आमच्याकडे 29 सप्टेंबर 2024 पासून मंडईखालीं मेट्रोचें स्थानक चालू झालें आहे. म्हणजे गाडी न आणतां मंडईंत पोंचण्याची एक तरी चांगली सोय झाली. ती झाल्यावरहि वरचा रस्ता पूर्वीसारखाच फुकट ठेवावयाचा असेल, तर एवढें खोल खणण्याचे श्रम कशासाठीं घेतले?

आतां पालकवर्गास एक सरळ विनंती. शाळा भरतांना व सुटतांना आमच्या दारापुढें वीस मिनिटें जें होतें तें आपण सर्व जाणतां. प्रत्येक जण आपल्या मुलास सुरक्षित सोडावें म्हणून गाडी अगदीं फाटकाशीं आणतो. आणि या सर्व गाड्यांमुळेंच फाटकाशीं मुलांस धोका उत्पन्न होतो. चालत येणाऱ्या मुलांनीं गाड्यांच्या मधून वाट काढावी, आणि तीं मुलें बहुधा ज्यांच्या घरीं गाडी नाहीं अशांचीं असावीं, हें आम्हांस दररोज फाटकाशीं उभें राहून पाहावें लागतें. ज्यांस गाडी आणणें भागच आहे त्यांनीं ती अलीकडच्या चौकापाशीं थांबवावी; तेथून दोन शिक्षक व वरच्या वर्गाचे विद्यार्थी लहान मुलांस रांगेनें घेऊन येतील. पाऊस असला तरी येतील. छत्र्या आमच्याकडे आहेत.

नववीच्या मुलांनो, तुमच्यासाठीं काम आहे. येत्या जूनमध्यें मोजपट्टी घेऊन शाळेपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत पदपथाची रुंदी दर पन्नास पावलांवर मोजावयाची: एकदां सकाळीं सातला, दुकानें उघडण्यापूर्वीं, आणि एकदां सायंकाळीं सहाला, व सायंकाळीं किती जागा चालण्यास उरली आणि किती गाड्यांखालीं गेली, तें निरनिराळ्या रकान्यांत लिहावयाचें. कोणाच्या गाडीचा क्रमांक लिहूं नये, कोणाशीं हुज्जत घालूं नये. आकृति गणिताच्या बाईंकडून तपासून घ्यावी. आंकडे पुढील अंकांत छापण्यास संपादकांनीं संमति दिली असून, एक प्रत महापालिकेच्या पथ विभागाकडे आम्हीं स्वतः नेऊन द्यावयाची असें ठरलें आहे.